रेषेच्या अलीकडे

शेवटची रेषा पुढ्यात होती आणि इनेस थांबली. मागच्या शर्यतीत थांबली होती तशीच, दोन्ही बूट मातीत रोवून. दोरीपलीकडचे लोक घंटा वाजवून तिला बोलावत होते. सात वर्षांची पोर, दम लागला असेल, असं त्यांना वाटत होतं. तिच्या बापाला, रूबेन लुहानला, माहीत होतं की दम लागलेला नाही. डोंगर उतरताना ती त्याच्याही पुढे होती.

थोरली मारिसोल रेषा ओलांडून कमरेवर हात ठेवून उभी होती. कुटुंबांच्या गटात सगळे पोहोचल्याशिवाय कुणाचंच नाव लागत नसे.

"ये की गं, खेचर," ती म्हणाली.

इनेसने मान हलवली, दोरीखालून वाकून बाहेर पडली आणि संत्र्याच्या फोडी ठेवलेल्या टेबलाकडे चालू लागली. फलकावर लुहान कुटुंबापुढे पुन्हा 'अपूर्ण' लागलं.

शर्यतींची ही टूम डार्लीनची, मुलींच्या आईची. ती सैन्यात सार्जंट. वसंतात तिची तुकडी कुवेतला निघाली, त्याआधी तिनेच तिघांची नावं कोलोरॅडोतल्या डोंगर-शर्यतींत घालून ठेवली. पाय दमले की डोकं गप्प बसतं, असं तिचं म्हणणं. छावणीलगतच्या त्यांच्या गल्लीत नवऱ्यांची वाट बघणाऱ्या बायकाच जास्त. बायकोची वाट बघणारा रूबेन एकटा. शेजारच्या ब्रँडीने पहिल्याच आठवड्यात हिरव्या मिरचीच्या रश्शाचं पातेलं आणून दिलं आणि आता तूही आमच्यातलीच एक, असं म्हणून त्याची टिंगल केली. एक गोष्ट मात्र तिने बजावून सांगितली. पोरांना परतीची तारीख कधी सांगायची नाही. तारीख सरकते आणि पोरं विसरत नाहीत. त्या गल्लीत कुणीच तारीख सांगत नसे. भोपळे पिकले की बाबा येतील, कुत्रीला पिल्लं झाली की येतील, असं सांगत.

रविवारी डार्लीन फोनच्या पडद्यावर यायची. मागे पिवळट भिंत, डोळ्यांखाली धूळ. शर्यत कशी झाली, विचारायची. रूबेन म्हणायचा, मस्त झाली. मारिसोल छताकडे बघायची. इनेसचं उत्तर ठरलेलं असायचं.

"चालू आहे."

डार्लीन हसून हसून बेजार व्हायची. अगं, शर्यत काल झाली ना? इनेस शांतपणे तेच पुन्हा सांगायची. पुढे पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. भांडी घासलीस का, असं रूबेनने विचारलं की मारिसोलही सोफ्यावर लोळत म्हणायची, चालू आहे.

रूबेनला त्यात हसू येईनासं झालं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, आईबापांतलं एक लांब असलं की काही मुलं हातातलं सोडून देऊ लागतात, लक्ष असू द्या. तेव्हापासून तो इनेसकडे धास्तीनेच बघायचा. डार्लीन परत येईल तेव्हा तिच्या हाती अर्ध्यावर सोडणारी मुलगी द्यायची, हे त्याला सोसणारं नव्हतं.

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या आठवड्यात छावणीतून निरोप आला. तुकडीचा मुक्काम वाढला होता. नाताळही तिकडेच जाणार होता. रूबेनने मुलींना काही सांगितलं नाही. त्याने एवढंच ठरवलं की या वेळी रेषेपलीकडे उभ्या असलेल्या तिघांचा फोटो डार्लीनला जाईल, मग त्यासाठी काहीही करावं लागो.

शनिवारी शिखरावर नवं बर्फ होतं. इनेस छान धावली. ओढ्यातल्या दगडावरून रूबेनचा पाय सटकला तेव्हा थांबून तिने त्याला हातही दिला. म्हातारा कसा धावतो बघा, म्हणून मारिसोलने खिजवलं आणि ती पुढे निघून गेली. मग शेवटचं वळण आलं, घंटा ऐकू आल्या, आणि रेषेच्या अलीकडे इनेसने बूट रोवले.

रूबेन वाकला आणि त्याने तिला उचलून कडेवर घेतलं.

ती रडली नाही. तिने हातपाय झाडले नाहीत. त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारून ती कानाशी बोलली.

"नको ना, बाबा. आई म्हणाली होती, तुझी शर्यत संपली की मी आलेच."

रूबेनचं पाऊल थबकलं. निघायच्या सकाळी दारात इनेसच्या बुटांच्या नाड्या बांधताना डार्लीन असं म्हणाली होती खरी. तारीख न सांगण्याची ती तिची तऱ्हा होती.

"आणि मी संपवली, आणि ती तिथे नसली, तर?" इनेस म्हणाली. "आई खोटी पडेल."

त्याने रेषेपलीकडे पाहिलं. तिथे मारिसोल होती, संत्री होती, अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती.

"आईला अजून उशीर आहे, राणी," तो म्हणाला. आठवडाभर जे तोंडातून निघत नव्हतं, ते निघालं.

"म्हणूनच ना," इनेस म्हणाली.

मारिसोलने ते ऐकलं. तिने एकदा मागे वळून पाहिलं, जणू तिथे आणखी कुणी उभं आहे का ते बघत होती. मग ती रेषा ओलांडून अलीकडे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

वेळ टिपणारा म्हातारा घड्याळ हातात धरून ताटकळला होता. त्याला निशाणं काढायची होती. काय पाहुणे, संपवताय ना, त्याने विचारलं.

रूबेनने इनेसला खाली उतरवलं आणि दोघींचे हात धरले.

"नाही," तो म्हणाला. "चालू आहे."