पहिली ओळ

कडूबानं दार उघडलं, उकंडरावांना पाहिलं आणि पुन्हा लोटून घेतलं. कडी मात्र लावली नाही.

"मंडळीचं काम असल तर तेथूनच सांगा," तो आतून म्हणाला. "शास्त्र वाचाचं असल तर माह्यं सकाळीच वाचून झालं."

"काही काम नाही."

"मंग काऊन आले?"

"बसाले."

उकंडराव हे संग्रामपूरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतले वडील, म्हणजे तिथले एक कारभारी. दुःखाच्या घरी जाऊन धीर देणं हे त्यांचंच काम. महिन्यापूर्वी कडूबाची बायको वच्छलाबाई वारली, तेव्हा त्यांनी याच घरात सव्वा तास धीर दिला होता. मग डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोर कडूबा नव्हता. तो मधूनच उठून वावरात निघून गेला होता. तेव्हापासून तो उपासनेला फिरकलाही नाही. आज निघताना उकंडरावांना त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी, बजावलं होतं, "एकही वचन सांगू नका. त्याले सारे पाठ आहेत. तो काय म्हणते तेवढं ऐकून या."

दार उघडलं. कडूबाचे हात पिठानं भरलेले होते. तो स्वयंपाकघरात गेला, तसे उकंडरावही मागोमाग जाऊन भिंतीला टेकून खाली बसले.

कडूबानं ज्वारीची भाकर थापली. परातीतून उचलताच तिचे दोन तुकडे झाले. त्यानं ते दोन्ही तसेच तव्यावर टाकले.

उकंडरावांच्या ओठांवर एक वचन आलं. त्यांनी ते गिळलं. गप्प बसायची सवय नसल्यानं दोनदा उगीच खोकून घेतलं.

मग कडूबा आपणहून बोलू लागला. आधी पिठाबद्दल, मग पिठात पाणी किती घालायचं त्याबद्दल, आणि असं करत करत वच्छलाबाईवर आला.

"उपासनेत गाये तर साऱ्यायच्या अर्धी ओळ पुढं. पेटी वाजवणारी काजल बिचारी सूर घेऊन तिच्या मागं धावे. मी म्हणो, जरा हळू म्हण वं. तर म्हणे, देवाले काऊन ताटकळत ठेवू?"

उकंडरावांना हसू आलं. ते मात्र त्यांनी गिळलं नाही. कडूबाही हसला, आणि मग एकदम थांबला.

"एक खरं सांगा, भाऊ. तिच्याबिना आता गाणं बरं होत असल, नाही?"

तो तव्याकडेच पाहत होता. हातातलं उलथणं जागच्या जागी थांबलं होतं.

उकंडरावांना पुष्कळ बोलता आलं असतं. स्वर्गातल्या गाण्यावर तर त्यांच्याजवळ अर्ध्या तासाचं तयार होतं. पण त्यांनी जे घडत होतं तेवढंच सांगितलं.

"गाणं सुरूच होत नाही, कडूबा. काजल पेटी वाजवते, अन् आम्ही एकमेकाच्या तोंडाकडे पाहत राह्यतो. मागच्या रविवारी तर कोणी तोंडच उघडलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनी डायरेक्ट उपदेश सुरू केला."

कडूबा हसायला लागला. हसता हसता त्यानं पिठाच्या हातांनी डोळे पुसले. गालांवर पांढरे पट्टे उमटले. तिकडे भाकर करपली. त्यानं ते तुकडे ताटलीत घेतले, कडेला ठेचा ठेवला आणि ताटली उकंडरावांपुढं सरकवली.

"रविवारी नऊलेच ना?"

"नऊलेच."

"येतो. पहिली ओळ मी उचलतो. पण माहा आवाज लय बेकार आहे, आधीच सांगून ठेवतो."

तो आवाज उकंडराव वीस वर्षं पुढच्या रांगेत बसून ऐकत आले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात करपलेल्या भाकरीचा एक मोठा घास टाकला.