भिकुबाईचं मौन

भिकुबाईने तिसऱ्यांदा बोट दाखवलं आणि सुनेने तिसऱ्यांदा चुकीचीच वस्तू आणली. आधी पळी, मग निरांजन, आता उदबत्तीचं घर. भिकुबाईने कपाळावर हात मारला. सोमवती अमावस्या होती. पिंपळाची पूजा उरकेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे तिच्या सासूने घालून दिलेलं. भिकुबाईची जीभ विसावायची ती तेवढीच. अख्खी गल्ली त्या सकाळची वाट पाहायची.

आज मात्र ती आतून उकळत होती. उद्या नात धुळ्याला डॉक्टरकडे जायची होती. पोर अडीच वर्षांची. नाव कोकिळा, आणि घशातून हूं नाही की चूं नाही. शेजारच्या शेवंताबाईने तर 'मुकी' म्हणून शिक्काच मारला होता. भिकुबाईने शिकवायला काय कमी केलं होतं? पोरीला कडेवर घेऊन ती दिवसभर घर दाखवत फिरायची. "हाई काय शे? सूप शे. म्हण सूप! हाई काय शे? पाटा शे. म्हण ना व माय! तुनी मायसारखी घुमीच ऱ्हाशी का?" प्रश्न तिचा, उत्तर तिचंच, आणि वर सुनेला टोमणा फुकट.

भिकुबाईने पुन्हा कोनाड्याकडे बोट ताणलं.

"आत्याबाई, काय हवंय तेच कळेना हो!" सून प्रमिला रडकुंडीला आली. मग तीही गप्प झाली. घरात एवढी शांतता कधी नसायची.

"दोला," खालून आवाज आला.

कोकिळा उंबऱ्यात उभी होती. प्रमिलाने कोनाडा चाचपला. पिंपळाला गुंडाळायचा दोराच हवा होता.

भिकुबाईचं तोंड उघडलं, आणि व्रत आठवून तसंच मिटलं. तिने सुपाकडे बोट केलं.

"शूप."

पाट्याकडे केलं.

"पाता."

पूजेला जाताना वाटेभर तेच. शेळी, हापसा, सायकल. पोर सांगत होती, आजी नुसती बोट दाखवत होती. पिंपळाला शेवटची फेरी झाली, नारळ फुटला.

"आत्याबाई, झालं मौन! आता बोला की!" प्रमिला म्हणाली. शेवंताबाई कानावर पदर ओढून तयारच होती.

भिकुबाईने ओठ घट्ट मिटले आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीकडे बोट केलं.