काळ्या दारातला शौनक

वर्तकनगरच्या देवळातलं सकाळचं कीर्तन चुकवून शौनक कॅमेरा घेऊन वागळे इस्टेटमध्ये आलेला. रविवारी बंद कारखान्यांपुढे गाड्यांचे शौकीन जमत. केतनच्या काळ्या गाडीचा एक फोटो नीट आला, तर त्यांच्या ग्रुपचे सगळे फोटो काढायचं काम या नवशिक्याकडेच येणार होतं. पण चकचकीत दारात दर वेळी शौनकच दिसायचा.

"अरे, गाडीचा काढ की. स्वतःचे कसले काढतोयस?" केतन म्हणाला.

शौनक पार वैतागला. बुवांचा पूर्वरंग लांबत जावा आणि आख्यान काही सुरूच होऊ नये, तशी त्याची गत झालेली. तो चार पावलं मागे सरकला. पुढच्या फोटोत दारातला शौनक मोठा दिसला. मग तो थेट रस्त्यापलीकडे गेला. दारातला आणखी जवळ आला.

शेवटी त्याने कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर सुरू केला आणि बाजूला केतनजवळ जाऊन उभा राहिला. फोटो निघाल्यावर दोघे स्क्रीनवर वाकले. दारात समोरचं शटर होतं, आभाळ होतं, एकटा स्टँड होता.

"सुटलो बाबा एकदाचा," शौनक म्हणाला.

केतनने फोटो मोठा केला. दाराच्या वर, काचेमागे, स्टीअरिंगवर हात ठेवून शौनक बसला होता.

"गाडी लॉक आहे रे," खिशातली चावी चाचपत केतन हळूच म्हणाला.

समोर ड्रायव्हरच्या बाजूची काच सावकाश खाली येऊ लागली.