विहिरीतली बाई

भूत अजून पडद्यावर आलंही नव्हतं, तोच अरुणानं डोळ्यांवर पदर ओढला.

"वहिनी, अजून काय झालंच नाय!" तिची नणंद पुतळा खिदळली. "नुसता दरवाजा वाजला."

"मला नाही बघवत."

पुढच्याच क्षणी पांढऱ्या साडीतली, चेहऱ्यावर केस मोकळे सोडलेली बाई विहिरीतून वर आली आणि पुतळाच किंचाळली.

सानपाडा गावात त्या रविवारी दुपारी अर्धी आळी त्यांच्या ओटीवर जमली होती. अरुणाच्या चुलत सासऱ्यांनी, गोटीरामकाकांनी, वाशीहून व्हिडिओ भाड्यानं आणला होता. खिडक्यांना चादरी बांधून अंधार केला होता. कॅसेटीही काकांनीच निवडल्या होत्या. पहिला देवाचा सिनेमा बायकांनी हात जोडून पाहिला. हा दुसरा.

अरुणाच्या लग्नाला चार महिने झाले होते. आईवडील नव्हते, परळच्या मावशीनं लग्न लावून दिलं होतं. नवरा हिरामण तुर्भ्याच्या कारखान्यात होता, आज त्याची पाळी होती. तो शेजारी असता तर बरं झालं असतं, असं तिला सारखं वाटत होतं.

पडद्यावर नाच सुरू झाला. काकांनी तोंडात शेंगदाणे टाकले. "या सिनेमातल्या बायांना ना लाज ना शरम. आपल्या घरात असली कोन आली, तर मी उंबऱ्यावरनंच परत धाडीन."

"तुमीच आनलाव ना सिनेमा भावजी?" सुमित्राबाई म्हणाल्या. त्या अरुणाच्या सासूबाई. बायका हसल्या. काका हसले नाहीत. घरात शेवटचा शब्द त्यांचाच असे.

बाई पुन्हा आली. अरुणानं मान खाली घातली. सुमित्राबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "किती गार पडलीस गं! भिऊ नको. ती काय पेटीतनं भाईर येत नाय."

"मी चहा टाकते," म्हणत अरुणा उठली.

स्वयंपाकघरात तिनं उगाच वेळ काढला. पण आतूनही सगळं ऐकू येत होतं. आता हवेलीचा मालक कबूल करत होता, की त्यानंच आपल्या बायकोला विहिरीत ढकललं. आता ती बाई पहिल्यांदा चेहऱ्यावरचे केस बाजूला करणार. अरुणानं ट्रे उचलला आणि ओटीच्या दारात आली.

संगीत चढलं. सगळे पुढं सरकले.

खळ्ळकन आवाज झाला. कपबश्या फरशीवर फुटल्या, चहा पसरला. सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

"भाजलं काय गं?" पुतळा धावली.

"एवढं भ्यायचं?" काका ओरडले. "नवा सेट व्हता तो!"

एकट्या सुमित्राबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

फडकं येईपर्यंत बाई विहिरीत परत गेली होती. थोड्या वेळात सिनेमा संपला. कोणीतरी चादरी सोडल्या आणि ओटीवर ऊन आलं. माणसं डोळे चोळत, हसत, भुताच्या नकला करत पांगली. काकाही टोपी झटकून व्हिडिओ परत द्यायला निघाले. जाता जाता म्हणाले, "सूनबाई, पुढच्या खेपेला तुला देवाचाच सिनेमा दावू."

"हो काका."

ते वळणापलीकडे गेले, तशी अरुणा मोरीपाशी मटकन बसली. छातीवरचा दगड उतरला होता. दिवसभरात पहिल्यांदा तिनं मोकळा श्वास घेतला. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

सुमित्राबाई फुटके तुकडे सुपात घेऊन आत आल्या. त्यांनी मागं दार लोटलं.

"लई भ्याली व्हतीस ना?"

"हो आई."

"आता बरं वाटतंय?"

अरुणानं मान हलवली. सुमित्राबाई तिच्याजवळ बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"भावजींना कायबी कळलं नाय, नि मी सांगायची नाय. पन खरं सांगू पोरी? भुताचं काम तू झकास केलंस."