बी-७३ची लांबी

"आज तरी?" टोरुनने विचारलं.

"बघू या की," ओड्वार म्हणाला. "आधी वॉफल, मग मोजमाप. हिमनग काही पळून जात नाही."

दुखणं नेमकं तेच होतं. पळून जात नव्हता.

ट्रोम्सोच्या त्या कार्यालयात माणसं नऊ आणि दक्षिण ध्रुवाकडचे हिमनग साठ. उपग्रहाचं रडार ढगांतून, अंधारातून त्यांची चित्रं पाठवी. ज्याच्या वाट्याचा हिमनग, त्यानेच दर शुक्रवारी त्याची लांबी मोजायची आणि आकडा मुख्यालयाला कळवायचा. दहा सागरी मैलांच्या खाली आला की यादीतून नाव कटलं. दुसऱ्याच्या हिमनगाचं चित्र उघडणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरणं. तसा लेखी नियम नव्हता. टूथब्रशचाही नसतो.

ओड्वारकडे आता एकच उरला होता, बी-७३. सदुसष्टाव्या वाढदिवशी, केकसमोर, गावच्या वर्तमानपत्राच्या बातमीदारादेखत त्याने जाहीर केलं होतं, "बी-७३ यादीतून जाईल, त्या दिवशी मीही घरी जाईन." फोटोसकट छापून आलं. त्याला आता तीन वर्षं होत आली. शब्द फिरवणं ओड्वारच्या घराण्यात नव्हतं, आणि ठरलेल्या वयानंतरही खुर्ची उबवायला कायद्याची ना नव्हती.

टोरुन सहा वर्षं हंगामी होती. ओड्वारची जागा रिकामी झाली की ती तिची, हे कॉफीच्या यंत्रालाही माहीत होतं. पण गेल्या ऑगस्टात मुख्यालयाचं पत्र आलं. तीस जूनपर्यंत जागा रिकामी झाली तर ठीक. नाहीतर टोरुनला यापुढे मुदतवाढ नाही. नवऱ्याची मासेमारीची बोट इथे, मुलीची शाळा इथे, आणि हिमनग मोजणाऱ्या बाईला दुसरी नोकरी थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला.

त्याच महिन्यात बी-७३ वितळायला लागला, तेव्हा तिला वाटलं, देव आहे. चौदा पूर्णांक तीन. चौदा पूर्णांक दोन. चौदा पूर्णांक एक. दर शुक्रवारी एक दशांश. ख्रिसमसपर्यंत ती भाबडेपणाने खूश होती.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कोमट पाण्यात शिरलेला हिमनग असा वितळतो? तो एका दिवसात दुभंगतो, धडाधड कोसळतो. हा मात्र म्हाताऱ्याने गालात धरलेल्या गोळीसारखा सावकाश विरघळत होता. म्हणजे हिमनग केव्हाच फुटला असणार, आणि ओड्वार खुर्चीपायी आकडा ताणून धरत असणार. गेल्या शुक्रवारी त्याने लिहिलं होतं, दहा पूर्णांक एक.

"आज दहा पूर्णांक शून्य पाच लिहील बघ," वॉफलच्या तव्यापाशी उभा असलेला योस्टाइन म्हणाला. "पुढल्या वेळी शून्य शून्य पाच. शून्यांना कुठे तोटा आहे?"

"हस तू. माझे चार दिवस उरलेत."

"अगं, मग त्याच्याशी बोल ना सरळ."

बोलली नव्हती थोडीच! ती पुन्हा ओड्वारकडे वळली. "आज जेवणाआधीच मोजा ना. एकदाच."

"सव्वीस वर्षं जेवणानंतर मोजतोय. आज काय आग लागलीय?" त्याने जॅमची बरणी तिच्याकडे सरकवली. "पोटात काही नसलं की तू फार चिडतेस, पोरी. खाऊन घे. जरा धीर धर."

"धीर! सहा वर्षं तेच धरून बसलेय."

"मग अजून तासभर धर," ओड्वार म्हणाला आणि वॉफलवर तपकिरी चीजचा दुसरा काप अगदी कडेला कड जुळवून ठेवला. याची मोजमापं इथे बरोबर येतात, असं टोरुनच्या मनात आलं. ती तरातरा आपल्या टेबलाकडे गेली.

तिथे सकाळीच मुख्यालयाचं उत्तर येऊन पडलं होतं. बी-७३ची दुसऱ्या माणसाकडून मोजणी व्हावी, असा अर्ज तिने बुधवारी गुपचूप केला होता. उत्तर चार ओळींचं होतं. अर्ज मान्य. आज दुपारी बाराच्या आत तुम्हीच मोजा. आकडा थेट नोंदला जाईल. दुसऱ्या मोजणीचा आकडा अंतिम.

बाराला वीस मिनिटं होती. टोरुनने जेवणघराकडे एक नजर टाकली. मग सहा वर्षांत प्रथमच तिने दुसऱ्याचा हिमनग उघडला.

काळ्या समुद्रात पांढरा ठिपका. फार आत शिरून पाहण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. तिने एका टोकावर खूण केली, दुसऱ्या टोकावर केली आणि जोरात बटण दाबलं.

चौदा पूर्णांक तीन.

तिने चित्र मोठं केलं. कडा चाकूने कापल्यासारख्या सरळ. कुठे तडा नाही, तुकडा नाही. तारीख पाहिली. कालचीच. पट्टी लावून पडद्यावर पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा पूर्णांक तीन. खाली हिरव्या अक्षरांत मुख्यालयाची पोच उमटली होती: बी-७३, यादीत कायम.

मागे पावलं वाजली. ओड्वार तिच्यासाठी बशीत वॉफल घेऊन आला होता. त्याने पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"दुसरी मोजणी कुणी मागितली?"

"मी." तिचा आवाज नको तितका चढला. "हो, मीच मागितली! पण हे चौदा कसं? तुम्ही तर दहा..."

ओड्वारने बशी हळूच टेबलावर ठेवली.

"ऑगस्टपासून किती जपून आणला होता गं इथवर," तो म्हणाला. "आज नऊ पूर्णांक नऊ लिहिणार होतो."