खडीतला डोंगर

नाहीशा झालेल्या डोंगरांसमोरचं दृश्य मृदुला त्यांच्या खडीतून मिळवत असे. दगडावर पडलेला शेवटचा उजेड त्यात मुरून राहतो आणि तिचा कॅमेरा तो बाहेर काढतो. वाघजाईच्या डोंगरासमोरची हिरवी दरी तिला हवी होती. पण तो डोंगर फोडून झालेल्या खाणीतला कुठलाही खडा कॅमेऱ्याला लावला, तरी फोटोत एकच माणूस येई: पुढ्यात फोडलेला नारळ, हात जोडलेले, डोळे मिटलेले. डोंगराच्या पोटातल्या, कधी ऊनही न पाहिलेल्या खड्यांतसुद्धा तोच.

विचारत विचारत ती भिकाजी पाथरुटांच्या घरी पोचली. तीस वर्षं त्यांनीच तिथे सुरुंग लावले होते.

"सुरुंगाचा दर बार उडवण्याआधी नारळ फोडून डोंगराची माफी मागायचो," फोटो निरखत भिकाजी म्हणाले. "मगच वात पेटवायची."

"आणि हे घर कुठल्या खडीचं?"

"त्याच की. अख्खं गाव त्याच खडीचं."

त्यांची नजर गिलावा न केलेल्या भिंतीकडे गेली. त्यांनी खुर्ची हळूच मागे सरकवली, तर पाठीलाही भिंतच लागली.

"ताई, मी डोळे मिटायचो हो," ते पुटपुटले. "मला वाटायचं, डोंगराचेही मिटलेलेच असतात."