दाराबाहेरचा पेपर

खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकली, आणि टिल्लीचा पत्ता नाही. घरातून तर ती केव्हाच निघाली होती. आईची बेकरीतली पहाटपाळी आज नव्हती, म्हणून तिला हे कळलं तरी. एरवी पोरगी स्वतःची स्वतः आवरून जाते, याचंच तिला केवढं कौतुक!

आई धडाधडा जिना उतरली. खालच्याच मजल्यावर, घड्याळजी आजोबांच्या दारात टिल्ली उभी. पाठीला दप्तर, हातात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. दाराशी आजचा पेपर तसाच पडलेला.

"इथे काय करतेयस?"

"आजोबांनी पेपर आत नाही घेतला. बेल पण वाजवली मी. आता उघडून बघायचं." टिल्ली किल्ली शोधत होती. "सगळ्यांचं ठरलंय, आई. मी रोज जाता जाता सगळी दारं बघते."

सगळ्यांचं ठरलंय म्हणे! अख्ख्या इमारतीत म्हातारे-म्हाताऱ्या, आणि पोर म्हणावं असं हे एकच. रखवालदाराची जागा कधीची रिकामी. जाहिरातीला एक तरुण फिरकेल तर शपथ. रुग्णवाहिकेला फोन लावावा तर 'आपण रांगेत आहात'. सगळं खरं. पण म्हणून नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात किल्ल्या द्यायच्या?

आईने जुडगा हिसकावून घेतला. "तू मागे हो. भिंतीकडे तोंड कर." एकेक किल्ली लावून बघता बघता तिसरी लागली.

दार उघडलं. आजोबा समोरच खुर्चीत. दाढी केलेली, भांग पाडलेला, हातात चहाचा कप, नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"उशीर केलास गं टिल्ले," म्हणत त्यांनी वर पाहिलं, आणि आई दिसताच कप बशीत आदळला.

"पेपर मुद्दाम ठेवलात?"

"एकदा बघावं म्हटलं, येते का." आजोबा म्हणाले. "झोप लागत नाही गं मला. आपण गेलो, आणि कुणाला कळलंच नाही तर?"

आईला राग आला होता आणि रडूही येत होतं. "अहो, लेकरू आहे ते! आत काही भलतंच दिसलं असतं तर?"

आजोबांनी टिल्लीकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

आईने तिला दंडाला धरून खाली नेलं. मजल्यामजल्यावर दारं किलकिली झाली आणि पुन्हा लागली. गाडीत टिल्लीच्या वर्गातली दुसरी दोन मुलं पेंगत होती. बस्स, एवढाच वर्ग.

"उद्यापासून हे बंद," आई तिची कॉलर नीट करत म्हणाली. "मी बोलते सगळ्यांशी. आणि काय गं, भीती नाही वाटत तुला असं कुणाचं दार उघडायला?"

टिल्लीने जरा विचार केला.

"आता नाही वाटत. पहिल्या मजल्यावरच्या आजी गेल्या ना, तेव्हा वाटली होती. त्यांचे हात खूप गार होते. मग मी त्यांना पांघरूण घातलं आणि शाळेत गेले."